बाराव्या वर्षी ठरलेले आयुष्य

या सुटीत लॉइस लोरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ या दोन कादंबऱ्या वाचल्या. पहिलीतील समाजात मूल बारा वर्षांचे होताच वडीलधाऱ्यांची समिती त्याचे काम ठरवते. तेथे दुःख नाही. पण रंग नाहीत, पूर्वस्मृतीही नाहीत. जोनास या मुलाला मात्र एक वृद्ध त्या स्मृती वेदनांसकट देतो, म्हणूनच त्याला स्वतःचा मार्ग निवडता येतो. ‘शाळा’मधील आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद दुखावला जातच शहाणा होतो.

आमची पेढीही माझी वाट पाहत आहे. मी तेथे आनंदाने बसेन. पण आजोबांनी आधी तिच्या आठवणी सांगाव्यात, बुडालेल्या उधारीच्यासुद्धा.