दुसऱ्या टर्मिनलवरून प्रोग्रॅमचें नियंत्रण

सेलू-परभणीकडील जुन्या जिनिंग कारखान्यांत एकाच इंजिनावर अनेक यंत्रें पट्ट्यांनीं फिरत. इंजिन थांबलें कीं सारीं थांबत. संगणकांतील बहुसूत्री प्रोग्रॅमचेंही असेंच आहे. त्याचीं अनेक सूत्रें एकाच वेळीं निरनिराळीं कामें करीत असतात. त्यानें आपलें टर्मिनल अडविलें, तर लिनक्सवर दुसरें टर्मिनल उघडून, त्याचा क्रमांक शोधून 'किल' ही आज्ञा द्यावी. नांव भयंकर, पण काम निरोप्याचें! 'स्टॉप' हा निरोप सर्व सूत्रें जागच्या जागीं थांबवितो; 'कंट' तीं पुन्हां चालवितो. एकच सूत्र थांबवावयाचें, तर निरोप ऐकणारी निराळी योजना प्रोग्रॅमांतच आधीं केलेली हवी. 'टर्म' ही विनंती होय. तशी तजवीज असल्यास प्रोग्रॅम हातची फाईल पुरी लिहून थांबतो. ९ क्रमांकाचा निरोप मात्र तेवढीही सवड देत नाहीं. फाईल अर्धीच राहूं शकते.