रंग विमानाचा, घोळ नावाचा

पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमानं उडू लागली. इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि स्टार एअर या पहिल्या दिवसाच्या चार कंपन्या. संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्या पनवेलकराला आता हीच विमानं घरच्या धावपट्टीवर उभी बघायची असतात. म्हणून लिव्हरी, म्हणजे विमानाच्या अंगावरच्या रंगाच्या फाइली, धडाधड उतरवल्या जातात. काही दिवसांतच ‘इंडिगो फायनल’, ‘इंडिगो फायनल नवीन’, ‘न्यू फोल्डर २’ अशी रांग लागते आणि सिममध्ये निम्म्या लिव्हऱ्या दिसतच नाहीत. दोष रंगवणाऱ्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा घोळ नावांचा असतो. त्याबद्दलचे नेहमीचे गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती इथे बघू.

गैरसमज : फोल्डरचं नाव म्हणजेच लिव्हरीचं नाव.

वस्तुस्थिती : नावं किमान तीन असतात. डिस्कवरच्या फोल्डरचं एक, सिमच्या यादीत दिसणारं दुसरं आणि सिम स्वतः ज्यावरून लिव्हरी ओळखतो ते तिसरं. मायक्रोसॉफ्टच्या एफएसएक्समध्ये आणि २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हे तिसरं नाव ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’ या फाइलीत ‘टायटल’पुढे लिहिलेलं असतं. दोन लिव्हऱ्यांचं टायटल एकच असेल तर सिमचा गोंधळ उडतो आणि त्यातली एक गायब होऊ शकते.

यातला फरक समजायला मुंबईचाच विमानतळ घ्या. लोक त्याला सहार म्हणत, १९९९ मध्ये त्याला छत्रपती शिवाजींचं नाव दिलं गेलं आणि २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. १९९९ च्या आधीच शहराचंही बॉम्बेचं मुंबई झालं होतं. तरी तिकिटावर आजही ‘बीओएम’ आणि वैमानिकाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये ‘व्हीएबीबी’च असतं. नवी मुंबईच्या विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून २०२१ मध्ये पनवेल-उरणचे भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. पाटीवरच्या नावाचं मोल माणसांना असतं, यंत्रणा मात्र ‘व्हीएएनएम’ या कोडवर चालते. लिव्हरीचंही तसंच आहे. यादीतलं नाव तुमच्यासाठी असतं आणि टायटल सिमसाठी.

गैरसमज : आपल्या सोयीने कुठलंही नाव बदललं तरी चालतं.

वस्तुस्थिती : काही नावं बदलता येतात, काहींना हात लावायचा नसतो. २०२०च्या सिममध्ये लिव्हरी ‘कम्युनिटी’ फोल्डरात टाकतात. तिचं सर्वांत बाहेरचं फोल्डर सहसा बिनधास्त बदलता येतं. आतलं मात्र नाही. आत ‘लेआउट.जेसन’ नावाची फाइल असते आणि त्या पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलीचा पत्ता तिच्यात नोंदवलेला असतो. तुम्ही आतल्या फोल्डराचं नाव बदललंत की नोंद एक सांगते आणि डिस्कवर भलतंच असतं. अशी फाइल सिमच्या लेखी नसतेच.

टायटल बदललं तर आणखी एक फटका बसतो. सेव्ह करून ठेवलेलं उड्डाण विमानाला टायटलवरूनच शोधतं. ते सापडलं नाही की जुनं उड्डाण नीट उघडत नाही.

एफएसएक्समध्ये वेगळीच मेख आहे. तिथे एकाच सीएफजी फाइलीत सगळ्या लिव्हऱ्या ‘एफएलटीसिम.०’, ‘एफएलटीसिम.१’, ‘एफएलटीसिम.२’ अशा क्रमाने लिहितात. मधली एक काढून टाकली आणि आकडे पुन्हा सलग केले नाहीत, तर खंडाच्या पुढच्या लिव्हऱ्या यादीत येत नाहीत. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये हे सोपं आहे. विमानाच्या फोल्डरात ‘लिव्हरीज’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यातल्या फोल्डराचं नाव तेच यादीतलं नाव.

गैरसमज : नाव जितकं सविस्तर तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : विंडोजमध्ये फाइलीच्या पूर्ण पत्त्याला पूर्वापार २६० अक्षरांची मर्यादा आहे. कम्युनिटी फोल्डराचा मूळ पत्ताच लांबलचक असतो. त्यात विमानाचं, कंपनीचं आणि रंगवणाऱ्याचं नाव दोनदा आलं की मर्यादा ओलांडली जाते. लिव्हरी मग दिसत नाही किंवा विमान पांढरंफटक येतं. बाहेरचं फोल्डर आखूड करणं हा यावरचा पहिला इलाज. नाव रोमन लिपीतली छोटी अक्षरं, अंक आणि आडव्या रेघा यांतच ठेवावं. मोकळ्या जागा आणि देवनागरी अक्षरं फोल्डरात टाळलेली बरी.

गैरसमज : ए३२० ची लिव्हरी कुठल्याही ए३२० ला बसते.

वस्तुस्थिती : विमानाचं त्रिमितीय मॉडेल करताना त्याची कातडी उलगडून सपाट चित्रावर पसरतात. प्रत्येक निर्माता ती आपल्या पद्धतीने उलगडतो. त्यामुळे फ्लायबायवायरच्या ए३२० साठी काढलेलं चित्र फेनिक्सच्या ए३२० वर चढवलं तर शेपटाचा रंग पंखावर येईल.

निर्माता एकच असला तरी उपप्रकार बघावा लागतो. इंडिगोच्या जुन्या ए३२० विमानांना आयएई कंपनीची व्ही२५०० इंजिनं होती. फेनिक्समध्ये सीएफएम आणि आयएई असे दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा जुनी इंडिगो सीएफएमवर चढवली की जाणकाराला ते लगेच खटकतं. अकासाची सुरुवात ऑगस्ट २०२२ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स ८ ने झाली. पुढे ताफ्यात ८-२०० हा प्रकारही आला. त्याला पंखामागे दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा दरवाजा असतो. त्याची लिव्हरी साध्या मॅक्स ८ वर टाकली तर नसलेल्या दरवाजाची चौकट खिडक्यांच्या रांगेत उमटते. म्हणून लिव्हरीच्या नावात निर्माता आणि उपप्रकार हवाच.

गैरसमज : कंपनीचं नाव लिहिलं की ओळख पटते.

वस्तुस्थिती : ‘एअर इंडिया’ एवढ्या नावावरून काहीच कळत नाही. १९७१ मध्ये आलेल्या पहिल्या जम्बोच्या, ‘एम्परर अशोक’च्या, प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या रंगसंगतीत लाल, जांभळा आणि सोनेरी आहे. दोन्ही लिव्हऱ्या एअर इंडियाच्याच, पण मध्ये ५२ वर्षं.

म्हणून शेपटाजवळचा नोंदणी क्रमांक नावात घ्यावा. भारतीय विमानांचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो. ‘अशोक’चा व्हीटी-ईबीडी, अकासाच्या पहिल्या विमानाचा व्हीटी-वायएए. जोडीला काळही लिहावा. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ चं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. नवी मुंबईच्या धावपट्टीवर पहिलं चाचणी-विमान, हवाई दलाचं सी-२९५, उतरलं ते ११ ऑक्टोबर २०२४ रोजी. प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हा जेट आणि विस्तारा दोन्ही नावं आकाशातून गेली होती. हौसेखातर त्यांना पनवेलला उतरवा, पण यादीत ‘जुनं’ असा कप्पा वेगळा ठेवा.

गैरसमज : ‘६ई’ टाकलं की विमान इंडिगोच्या गेटवर लागतं.

वस्तुस्थिती : ६ई हा तिकिटावरचा दोन अक्षरी कोड. सिममध्ये पार्किंगसाठी प्रघात आहे तो तीन अक्षरी कोडचा : इंडिगोसाठी आयजीओ, एअर इंडियासाठी एआयसी, अकासासाठी एकेजे. रेडिओवरची हाक आणखी वेगळी. इंडिगोला ‘आयफ्लाय’ म्हणून पुकारतात. सीएफजी फाइलीत या दोन्ही गोष्टींसाठी स्वतंत्र ओळी असतात.

गैरसमज : लिव्हऱ्या वाढल्या की फ्रेम पडतात.

वस्तुस्थिती : डिस्कवर पडून असलेली लिव्हरी उड्डाणात अडथळा आणत नाही. ढीग वाढला की सिम सुरू व्हायला वेळ लागतो आणि जागा जाते. ग्राफिक्स कार्डावर भार पडतो तो समोर दिसणाऱ्या विमानांचा. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं चित्र नेहमीच्या डीएक्सटी५ पद्धतीने दाबलं तर सुमारे १६ एमबी होतं आणि ८१९२ चं त्याच्या चौपट. सगळा साठा दुसऱ्या डिस्कवर ठेवून हव्या तेवढ्याच लिव्हऱ्या लिंकने कम्युनिटीत जोडणं सर्वांत सोयीचं.

गैरसमज : मी लावलेली लिव्हरी ऑनलाइन सगळ्यांना दिसते.

वस्तुस्थिती : समोरच्याच्या संगणकावर ती नसेल तर त्याला तुमचं विमान दुसऱ्याच रंगात दिसतं. व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर उडणारे इतरांच्या विमानांशी जुळणीसाठी टायटलांची यादीच बनवतात. मनाला येईल तसं टायटल बदललं की ही जुळणीही तुटते.

थोडक्यात, बाहेरच्या फोल्डराला विमान व उपप्रकार, निर्माता, कंपनी, नोंदणी क्रमांक या क्रमाने नाव द्या. विमान आधी ठेवलंत की एका जातीची विमानं फोल्डरांच्या यादीत आपोआप एकत्र येतात. आतल्या नावांना हात लावू नका. रंगवणाऱ्याची ‘रीडमी’ फाइल पुसू नका, कारण पुढची आवृत्ती कुठून घ्यायची आणि श्रेय कुणाचं हे तिच्यातच असतं. आणि हे सगळं लिव्हरी उतरवली त्याच बैठकीत उरका. ‘न्यू फोल्डर २’ मध्ये काय आहे, हे पुढच्या आठवड्यात तुम्हालाही सांगता येणार नाही.