फेब्रुवारीतला पाऊस : विदर्भाचा अंदाज वाचताना

हवामान खात्याच्या लेखी हिवाळा जानेवारी-फेब्रुवारी एवढाच. मार्चपासून पूर्वमोसमी काळ. या सांध्यावर विदर्भाला अवकाळी गाठतो. उत्तर भारतावरून सरकणारा पश्चिमी चक्रावात आणि बंगालच्या उपसागरावरचे बाष्प एकत्र आले, की ढग उंच चढतात. वर हवा थंड असल्याने गाराही पडतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. ढगाळ रात्री किमान तापमान चढे राहते, आभाळ निवळून उत्तरेचे वारे सुटले की घसरते. पावसाच्या आकड्यापेक्षा (२.५ मिमी पडला तरी खात्याच्या वहीत तो ‘पावसाचा दिवस’!) अंदाजात ‘मेघगर्जना’ आणि ‘गारपीट’ हे शब्द आधी शोधावेत. हरभरा कापून शेतात पडला असेल, तर नागपूर केंद्राचा पिवळा इशाराही ताडपत्री काढायला पुरेसा आहे.