काळा धूर, पांढरी वाफ आणि कॅबमधला माणूस

इंद्रवेल्लीला रेल्वे कधी आलीच नाही. आदिलाबादहून गुडीहत्नूरमार्गे उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथल्या बाजारात गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच सौद्यात कानावर पडतात. कॅमेरा मात्र या मुलखात लवकर आला. १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ इथून फार लांब नसलेल्या मारलवाईत गोंडांच्या शेजारी राहिले. त्यांनी काढलेली छायाचित्रं आज लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांचा विषय माणसं हा होता. आगगाडीचे फोटो काढणाऱ्यांचं नेमकं उलट झालं. त्यांनी इंजिन टिपलं आणि ते चालवणारा माणूस काळोखात राहिला.

इंद्रवेल्लीकरांचं स्टेशन म्हणजे आदिलाबाद. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करत इथवर येणारा हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्या काळी देशभरच्या मीटरगेजवर प्रवासी गाड्यांना ‘वायपी’ आणि मालगाड्यांना ‘वायजी’ ही कोळशाची इंजिनं जुंपत. पैनगंगेपलीकडे यवतमाळला मात्र याहून अरुंद रुळांवरची शकुंतला ही गाडी होती. कापसासाठी टाकलेला यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग किलिक निक्सनच्या कंपनीचा. पुढे देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी याची मालकी खासगीच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं ‘झेडडी’ जातीचं इंजिन इथं १९२३ साली रुजू झालं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. सत्तर वर्षं नोकरी! एवढी नोकरी त्याच्या कुठल्याही ड्रायव्हरला झेपली नसती, पण नाव राहिलं ते गाडीचंच.

वाफेच्या इंजिनाचा चांगला फोटो कशाने होतो, हे त्यातल्या माहीतगारांना विचारलं तर ते आधी हवामानावर बोलतात. धुरांड्यातून पांढरं दिसतं ते धुकं असतं, वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती गार हवेत शिरली की तिचे थेंब होतात आणि ढग फुलतो. म्हणून मे महिन्यात, वऱ्हाडच्या उन्हात, इंजिन कितीही जिवाच्या आकांताने चढण चढलं तरी फोटोत बोडकंच दिसायचं. तेच डिसेंबरच्या पहाटे अख्खी गाडी त्या ढगाखाली झाकली जायची. तेलंगणातल्या कडक थंडीच्या भागांत आदिलाबाद जिल्हा मोडतो. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, तेव्हाची सकाळ या कामाला अगदी योग्य. एवढी मोलाची थंडी, आणि रूळ मात्र तासाभराच्या वाटेवर.

हवेनंतर उजेड. ऊन कोवळं आणि तिरपं हवं, म्हणजे चाकांपर्यंत पोचतं. चाकांना जोडणारे दांडे खाली आलेले असतानाच बटण दाबायचं, असा या मंडळींचा दंडक. दांडे वर असले की फोटो बाद. चाकांच्या या हौसेत बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेचा मान मोठा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेल्या आणि पुढे लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत पसरलेल्या या गाडीचे रूळ हलके. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असा कॅलथ्रॉप यांचा हिशेब. तो पाळायचा तर इंजिनाचं वजन अनेक चाकांवर वाटावं लागतं, म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याने आठ चालक चाकांची इंजिनं करून दिली. एका बाजूला चार चाकं एकाच लयीत फिरताना पाहायची हौस हिशेबी इंजिनिअरने अशी पुरवली, तीही त्याच्या नकळत.

काळ्या धुराची गोष्ट मात्र मला खटकते. पोस्टरवर, कॅलेंडरवर, सिनेमात इंजिन म्हटलं की काळाकुट्ट धूर हवाच. पण काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. चांगला फायरमन थोडाथोडा कोळसा, वेळच्या वेळी, भट्टीभर पातळ पसरून टाकतो. त्याच्या हातचं धुरांडं जवळजवळ स्वच्छ राहतं. जास्त काळं ओकणाऱ्या इंजिनावरच्या फायरमनला ड्रायव्हरची बोलणी खावी लागत. जगभर हौशी लोक आज खास गाडी भाड्याने घेतात, ती मागे नेतात, फोटोसाठी पुन्हा पुढून आणवतात, आणि त्या फेरीला मुद्दाम फावडी भरभरून कोळसा टाकायला लावतात. म्हणजे ज्याला फायरमनने आयुष्यभर कामचुकारपणा मानलं, तेच आपण आठवण म्हणून भिंतीवर लावतो.

अमेरिकेतल्या ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्नच्या गाड्या रात्री टिपल्या. त्यांनी स्वतःचे फ्लॅश लावून अंधारातून हवा तेवढाच उजेड काढला. आपल्याकडे ही चैन कुणाला परवडली नसती. स्टेशनात किंवा पुलावर कॅमेरा काढायचा तर परवाना लागे. तो घेऊन येणाऱ्यांत परदेशी हौशी बरेच असत. भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची धाव ६ डिसेंबर १९९५ रोजी थांबली, तेव्हा मागे राहिलेल्या चित्रांत इंजिनाचा नंबर स्वच्छ वाचता येतो.

नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात चबुतऱ्यावरची रंगवलेली इंजिनं पाहा. बिजागरीवर राख नाही, फावडं नाही, तेलाचा डाग नाही. मुलांना वर चढवून फोटो काढायला जागा उत्तम. पण पूर्णेसारख्या मीटरगेजच्या लोको शेडमध्ये भट्टीतली राख ओढून काढणारा, डोक्याला फडकं बांधलेला माणूस तिथं कसा कळणार?

कॅबमधला माणूस जुन्या फोटोतही सहसा नसतो, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. काळं इंजिन आणि पांढरा ढग एका चौकटीत आले की एकाला सांभाळावं तर दुसरं बिघडतं. फोटोग्राफर ढग सांभाळत आणि कॅबमधला अंधार सोडून देत. रंगीत स्लाइडमध्ये त्या सावलीतला तपशील कायमचा मिटला. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये मात्र सावलीतला तपशील पुष्कळदा शिल्लक असतो. छापताना कुणी तो काढला नाही इतकंच. घरोघरच्या, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पेट्यांतल्या निगेटिव्हज नीट स्कॅन करून सावल्या उजळल्या, तर काही कॅबमध्ये फावडं धरलेला हात आणि त्यामागचा चेहरा दिसू शकेल. ऐन पंचविशीत १९९० साली कोळसा टाकणारा फायरमन आज साठी ओलांडून गेला आहे. चेहरा कुणाचा, हे सांगायला तो अजून आहे.