आपल्याकडचा एचआयव्ही: बेंगळुरूतल्या संशोधनाचा मागोवा

१९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये भारतातल्या एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन शोधल्याचे जाहीर केले. या दोन घटनांचा संबंध पुढच्याच वर्षी उलगडला.

संसर्गाची चाहूल लागताच उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशी टीएनएफ-अल्फासारखे संदेशवाहक रेणू सोडतात. गावात दवंडी पिटावी तशी खबर आसपासच्या पेशींपर्यंत पोचते आणि त्यांच्यातले एनएफ-कप्पा-बी बचावाची जनुके जागी करते. पण १९८७ मध्ये दिसून आले की एचआयव्हीच्या जनुकसाखळीतही याच प्रथिनाला चिकटण्यासाठी जागा असतात. त्यामुळे बचावासाठी दिलेल्या इशाऱ्यावर विषाणूच्याही नव्या प्रती निघू लागतात.

एचआयव्हीवरचे बहुतेक संशोधन पाश्चात्त्य देशांतल्या ‘बी’ या विषाणू-उपप्रकारावर झाले. भारतात प्राबल्य ‘सी’चे, जगातल्या जवळपास निम्म्या संसर्गांमागेही तोच. त्याचा स्वतंत्र अभ्यास बेंगळुरूच्या जक्कूर भागातल्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात उदयकुमार रंगा यांच्या गटाने नेटाने केला.

२००४ साली या गटाने बेंगळुरूतल्याच निमहान्स या मेंदू व मनोविकार संस्थेतल्या आणि परदेशी सहकाऱ्यांसह एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. विषाणूचे टॅट हे प्रथिन शरीरातल्या केमोकाइन रेणूंची नक्कल करून मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना खेचून घेते. ‘सी’च्या टॅटमध्ये ३१व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी बहुधा सेरीन असते, म्हणून ही ओढ कमी पडते. अशा पेशी मेंदूत शिरल्याने एचआयव्हीचा तीव्र स्मृतिभ्रंश येतो असे मानतात; तो भारतात तुलनेने कमी का आढळतो, याचे एक संभाव्य उत्तर त्यातून पुढे आले.

२०१२ मध्ये याच गटाने चिंतेची बाब नोंदवली. एनएफ-कप्पा-बीसाठी ‘बी’मध्ये साधारणपणे दोन जागा असतात, ‘सी’मध्ये तीन, भारतात मात्र चार जागा असलेले ‘सी’ विषाणू हळूहळू पसरत होते. प्रयोगांत त्यांनी तीन जागांच्या विषाणूंवर मात केली, आणि त्यांची लागण झालेल्यांच्या रक्तात विषाणूंचे प्रमाणही जास्त आढळले.

एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागलेल्या एचआयव्हीवरच्या औषधांनी असंख्य जीव वाचवले. पण ती पेशींत दडून बसलेल्या विषाणूला हटवू शकत नाहीत, आणि त्याला जागे करणाऱ्या वाटांपैकी एक याच एनएफ-कप्पा-बीतून जाते. म्हणून कायमच्या उपचाराचा शोध ‘सी’वर पारखल्याशिवाय पुरा मानता येणार नाही. आपल्या रुग्णांच्या शरीरात जो विषाणू आहे, त्याच्याकडे पाहूनच त्यांच्यासाठीचे विज्ञान घडले पाहिजे.