गिरगावातील एका मुलाचा प्रश्न

पक्षिनिरीक्षणाचा पाठ घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींनी डॉ. सालिम अली यांच्या बालपणातील एक प्रसंग ध्यानी घ्यावा. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला व बालपण गिरगावातील खेतवाडीत गेले. १९०८ च्या सुमारास त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. शिकारीची आवड असलेल्या मामांनाही ती ओळखता येईना. तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन मुलास १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी चिमणीची जात सांगितली व जतन करून ठेवलेले अनेक पक्षी दाखविले. त्या भेटीने मुलास आयुष्याची दिशा मिळाली. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा विख्यात ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला.

आज बंदुकीचे कारण नाही. वही व साधा कॅमेरा पुरेत. फेरीत पक्षी दिसताच चोच, गळा, शेपटी, आवाज, स्थळ व दिनांक प्रथम नोंदवावे. छायाचित्र मागाहून दुरूनच घ्यावे. घरट्याजवळ मुळीच जाऊ देऊ नये. माणसाच्या वावराने बुजून पक्षी अंडी सोडून जातात. मुलाने विचारलेले नाव आपणांस ठाऊक नसल्यास प्रश्न टाळू नये. त्याच्यासह शोध घ्यावा. मिलार्ड यांनी दार उघडले, तसे ते प्रत्येक शाळेस उघडता येईल.