टाकीच्या तळातलं पाणी

भिवंडीत जुनी हायाबुसा सांभाळायची तर दोन गोष्टींशी कायमची गाठ असते: मागांवरून उडणारं सुताचं तूस आणि पावसाळ्याची दमट हवा. सुझुकीची ही १,२९८ सीसीची गाडी १९९९ साली आली. भारतात हायाबुसा अधिकृतपणे विकायला २००८ उजाडलं, आणि तीही पुढच्या पिढीची. कायद्यानं ‘व्हिंटेज’ ठरायला पन्नास वर्षं लागतात, पण रबर, वायरिंग आणि टाकीचा पत्रा पंचविशीतच थकतात.

गाडी मिसिंग मारू लागली की पहिला संशय ईसीयूवर, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकावर, जातो. मी तो शेवटी घेतो. आधी पेट्रोल, मग बॅटरी आणि कपलर, मग ईसीयू.

कारण इंजेक्शनच्या रचनेतच आहे. कार्बोरेटरमध्ये इंजिन आपल्या ओढीनं पेट्रोल घेतं. इथे पंप ते सुमारे ३ बार दाबानं इंजेक्टरपर्यंत आणतो. इंजेक्टर किती वेळ उघडायचा, हे ईसीयू थ्रॉटल, हवेचा दाब, तापमान आणि इंजिनचे फेरे पाहून ठरवतो. ६,००० आरपीएमला एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, एवढा तो हिशोब बारीक. पण पेट्रोलचा दाब ठरल्याइतका आहे, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. या गाडीत तो मोजणारा सेन्सर नाही. दाब पडला तर वेळ बरोबर आणि पेट्रोल कमी, अशी गत होते. घाटात पिकअप मिळत नाही आणि मीटरवर एकही कोड दिसत नाही.

म्हणून पहिली तपासणी कानानं करायची. चावी फिरवा, किल स्विच चालू ठेवा, स्टार्टर दाबू नका. पंपाचा दोन-तीन सेकंद ‘घूंऽ’ असा आवाज येऊन थांबला पाहिजे. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, कपलर पाहा. आवाज ओढल्यासारखा येत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप दमलाय. खात्री मात्र प्रेशर गेज लावूनच होते. पाइप सोडण्याआधी आतला दाब उतरवायचा आणि तोंडावर कापड धरायचं, नाहीतर पेट्रोलची चिळकांडी थेट गरम इंजिनवर उडते.

आता टाकीच्या तळाकडे वळू. पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी श्रावणभर उभी राहिली की दमट हवा आत जाते, थंड पत्र्यावर दव धरतं. पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड असल्यानं खाली बसतं. पंपाची ओढही तळाशीच. काचेच्या स्वच्छ बाटलीत तळातलं पेट्रोल घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी खाली वेगळा थर दिसला, बुडाशी तांबूस गाळ दिसला, तर रोगाचं मूळ सापडलं. टाकी पूर्ण उपसा, आतून गंज काढा, फिल्टर बदला. इंजेक्टर अल्ट्रासोनिकमध्ये धुवून घ्या आणि त्यांच्या ओ-रिंग नव्याच घाला. फुगलेले पाइप बदलताना इंजेक्शनच्या दाबाचे आणि इथेनॉल सोसणारेच मागा. कार्बोरेटरचा साधा पाइप इथे चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तुसाचा मार रेडिएटरवर जास्त बसतो. यंत्रमागांच्या गल्ल्यांतून रोज जाणाऱ्या गाडीच्या फिन्समध्ये करड्या नमद्यासारखा थर जमतो. मांकोलीच्या गोदामांपाशी ट्रकांची धूळ त्यावर चिकटते. मग रहदारीत पंखा थांबतच नाही. कमी दाबाची हवा इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायची. धुलाई केंद्रातला पाण्याचा फवारा फिन्स वाकवतो. टाकी पुढून उचलून एअर फिल्टरही त्याच वेळी बघून घ्यावा.

विजेचं थोडक्यात: ५,००० आरपीएमला बॅटरीवर १३.५ ते १५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी-जास्त असेल तर रेग्युलेटर आणि त्याचा कपलर पाहा. हिरवट चढलेल्या एका पिनपायी चांगला ईसीयू बदलला जातो, याचं फार वाईट वाटतं. विजेबाहेरचं एकच सांगतो: व्हॉल्व्ह क्लिअरन्स दर २४,००० किलोमीटरला तपासायचा, इनटेक ०.१० ते ०.२०, एक्झॉस्ट ०.२० ते ०.३० मिलिमीटर.

मृगाच्या आधी टाकी भरून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा पडघ्यापर्यंत तरी गाडी नीट तापवून आणा. झाकायला प्लॅस्टिकची ताडपत्री नको, आत घाम धरते. जाड सुती कापड घाला. ते आपल्या गावात कुठेही मिळतं.